खिडकीकडे पाव फेरा

शनिवार, २१ जानेवारी २०१२

तिहोमीरचा चाळिसावा दिवस झाला. सकाळी दहाला दफनभूमीत. उणे आठ. पाद्र्याने दहा मिनिटांत उरकलं. त्याचीही चूक नाही, धूपदाणीतला निखारासुद्धा विझत होता. काल शिजवलेले गहू – साखर आणि अक्रोड घालून – सगळ्यांनी एकेक चमचा घेतले. तिहोमीरची गाडी चालवणाऱ्या नेबोयशाने सिगारेट शिलगावून कबरीच्या कडेला ठेवली. जूनपासून डॉक्टरांनी तिहोमीरची बंद केली होती. आज शेवटपर्यंत जळली.

जेवायला चौतीस माणसं. वर माझ्या खोलीत बारासुद्धा मावत नाहीत, म्हणून खाली त्याच्या गॅरेजात टेबलं मांडली. त्यासाठी शर्यतीची गाडी बाहेर काढावी लागली. काढून ठेवलेलं चाक बसवलं, पाच जणांनी ढकलून अंगणात नेली, वर ताडपत्री टाकली. खिडकीखाली तेलाचे डाग आहेत, त्यावर मी पुठ्ठा अंथरला. पाहुण्यांचे बूट खराब होतील. मासे, भट्टीतला घेवडा, कोबीचं लोणचं, पाव. पाव नेबोयशाच्या बेकरीतला. प्रत्येकाने पहिल्या पेल्यातले दोन थेंब जमिनीवर सांडले, त्याच्या नावाने.

शेजारची मिलेवाकाकू मला म्हणाली, "मोठी बहीण मागे आणि धाकटा भाऊ पुढे. देवाने रांग मोडली, बघ." मी म्हटलं, "घेवडा घ्या अजून."

चारला सगळे गेले. नेबोयशा आणि आणखी तिघे गाडी आत घ्यायला थांबले. नेबोयशा म्हणाला, "या वेळी मागून घालू. नाक दाराकडे असू दे तिचं. एप्रिलमध्ये बाहेरच पडायचंय, भिंतीकडे तोंड करून कशाला बसायचं?" तशी घातली. चाक पुन्हा काढलं, खाली ठोकळा दिला.

भांडी आठ वाजेपर्यंत.


रविवार, २२ जानेवारी

पाव फेरा दिला. हा सहावा रविवार.

नोव्हेंबरात त्याने शिकवलं. गॅरेजात खुर्चीवर बसून, अंगावर माझी लोकरी शाल. इंजिन हिवाळाभर एकाच जागी राहिलं की आतल्या स्प्रिंगा दबलेल्या राहतात, रिंगा चिकटतात. म्हणून दर रविवारी हाताने थोडं फिरवायचं. तीस वर्षं तो स्वतः करायचा. मी वर सूप ठेवायचे, तो खाली जाऊन यायचा, हात धुवायचा, जेवायला बसायचा. त्या पाच मिनिटांत तो काय करतो ते मी कधी विचारलं नव्हतं.

"ताई, तू मला दर दोन तासांनी कुशीवर वळवतेस ना? तसंच आहे. त्यालाही पाठीला जखमा होतात." हसला. खोकला आला. मग म्हणाला, "चाक काढलं की दिसतो त्या मोठ्या नटावर पाना उभा लावायचा आणि खिडकीकडे ढकलायचा. पाव फेरा. दाराकडे कधी ओढायचा नाही. इंजिन उलटं फिरलं की व्हॉल्व्ह हलवणारा पट्टा दाता सोडतो. आणि मग सगळं गेलं."

मी तीनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "झालीस पास."

मी छत्तीस वर्षं औषधाच्या दुकानात आहे. चिठ्ठीवर लिहिलंय तसं द्यायचं, तेवढंच द्यायचं. हे मला जमतं.

स्टूल आता दुसऱ्या भिंतीशी ठेवावं लागतं. जागा अरुंद. कोपर भिंतीला घासतं.

कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या दोघांतलं आहे.


बुधवार, २५ जानेवारी

दुकानात एक बाई त्याच्याच गोळ्या घ्यायला आली. नवऱ्यासाठी. बोटं बधिर होतात का, म्हणून विचारलं. होतात, म्हटलं. जातं का नंतर? मी म्हटलं, काहींचं जातं.


सोमवार, ३० जानेवारी

मोटर-शर्यत महासंघाने मोसमाचं वेळापत्रक जाहीर केलं. नेबोयशा कागद घेऊन आला, सोबत त्याच्या बेकरीतलं गरम बुरेक. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सहा शर्यती. पहिली २२ एप्रिलला क्राल्येवोत, गावातल्या रस्त्यांवर. म्हणजे इथून तासभर.

खाली बारीक अक्षरात दोन ओळी. तेराशे सीसीपर्यंतच्या इंजिनांचा लहान गट यंदा शेवटचा. पुढच्या वर्षापासून बंद. आणि यंदाही आठ गाड्या नोंदवल्या गेल्या तरच त्या गटाचं अजिंक्यपद धरणार. कमी असतील तर गाड्या मोठ्या गटामागून पळतील, गुण नाहीत, चषक नाही.

"किती आहेत?" मी विचारलं.

"आपल्याला धरून आठ." तो बुरेकचा तुकडा हातात धरून बसला. "नऊ होत्या. झायेचारच्या एकाने गाडी विकून गायी घेतल्या."

"गायी बऱ्या."

"गायींना टायर लागत नाहीत, ताई."

अकरा वर्षं हा तिहोमीरची गाडी चालवतो आहे. पहाटे दोनला उठून पाव भाजतो आणि शनिवार-रविवारी भिंतींना घासून येतो. त्याची बायको म्हणते, यापेक्षा बाई ठेवली असती तर बरं, रोज घरी तरी आला असता.

तिहोमीरने शेवटी बांधलेलं इंजिन या गाडीत आहे. कधीच सुरू झालेलं नाही. नेबोयशा म्हणाला, "एकच मोसम मिळणार त्याला. एक तर एक. गाडीचा अडतीस नंबर मी सोडत नाही. नोंदणीच्या कागदावर इंजिन बांधणाऱ्याच्या रकान्यात त्याचंच नाव लिहिलं. कारकून म्हणाला, ते तर वारले. मी म्हटलं, इंजिन नाही वारलं."

जाताना दाराच्या आतल्या बाजूचा फळा बघत उभा राहिला. हा फळा तिहोमीरचा नियम. मोसमात जे काही मोडेल ते तिथे लिहायचं – तारीख, काय मोडलं, आणि पुढे ज्याच्यामुळे मोडलं त्याचं नाव. सबब लिहायची नाही. इंजिन आपोआप मोडत नाही, कुणीतरी मोडतं, असं म्हणायचा. गेल्या मोसमातल्या सगळ्या ओळी अजून आहेत. नेबोयशा, नेबोयशा, नेबोयशा, टायरवाला, नेबोयशा. तिहोमीरचं नाव नाही. तीस वर्षांत कधीच नव्हतं. लोक त्याला त्यावरून चिडवायचे – खडू तुझ्याच हातात, मग तुझं नाव कसं येईल? पण खरंच नव्हतं.

"तुमचंही नाव एकदा यायला हवं ताई," नेबोयशा म्हणाला. "त्याशिवाय तुम्ही आमच्यातल्या होत नाही."

मी म्हटलं, मी कशाला हात लावते.


रविवार, ५ फेब्रुवारी

उणे अठरा. दोन दिवस बर्फ थांबलेलं नाही. गॅरेजचं दार उघडायला अर्धा तास फावडं मारलं. खिडकीकडे पाव फेरा. मधेच टक् असा बारीक आवाज झाला. थंडीने लोखंड बोलतं, असं तो म्हणायचा.


बुधवार, ८ फेब्रुवारी

शाळा बंद, रस्ते बंद. दुकान उघडलं. तीन गिऱ्हाइकं.


रविवार, १२ फेब्रुवारी

पाव फेरा.

त्याचे शेवटचे दिवस आठवतात ते खोलीतले नाहीत, गॅरेजातले. नोव्हेंबरच्या अखेरीस पट्टा बसवत होता. मी हत्यारं देत होते. नट तीनदा पडला. तिसऱ्यांदा मी उचलायला वाकले तर म्हणाला, राहू दे, मी उचलतो. पाच मिनिटं लागली उचलायला. मी घड्याळाकडे बघितलं नाही.

बोटांना काही कळत नाही, हे मला आधी कळलं होतं. औषधं मीच मोजून देत होते. तो चहाचा कप डोळ्यांनी धरायचा – बघितल्याशिवाय धरलाय की नाही कळत नसे. पण पट्टा बसवला. पुलीवरच्या खुणा जुळवल्या, भिंग लावून पुन्हा पुन्हा बघितल्या. मग पिवळ्या रंगाचा ठिपका दिला नटावर, म्हणजे हा हलवायचा नाही. सुरू करून बघायचं राहिलं. दुसऱ्या दिवसापासून अंथरुणातून उठलाच नाही.

तेरा डिसेंबरला गेला.


शनिवार, १८ फेब्रुवारी

पितरांचा शनिवार. सगळं गाव दफनभूमीत. बर्फ कमरेएवढं, वाटा खणून काढल्या होत्या. मी गहू, मेणबत्त्या, छोटी बाटली घेऊन गेले. कबरीपाशी आधीच एक माणूस उभा. दोब्रिवोये. क्राल्येवोचा, लहान गटातली निम्मी इंजिनं हाच बांधतो. तीस वर्षं तिहोमीरचा प्रतिस्पर्धी. दोघं एकमेकांना "कल्हईवाला" म्हणायचे.

त्याने पेटवलेली सिगारेट कबरीवर ठेवली आणि दुसरी स्वतः ओढत होता.

"त्याला हा ब्रँड आवडत नव्हता," मी म्हटलं.

"माहीत आहे. म्हणूनच आणला. ऊठ म्हणावं आणि फेकून दे."

मी पेला भरून दिला. त्याने थोडी ओतली, थोडी प्यायला. मग म्हणाला, "ते शेवटचं इंजिन, ताई. खरं सांगा. त्याच्या हातचं आहे?"

"सगळं."

"सप्टेंबरात मी त्याला पाहिलं होतं. शर्टाची बटणं लावता येत नव्हती त्याला. वाईट मानू नका."

मी वाईट मानलं नाही. पेला पुसून पिशवीत ठेवला.

"चालू दे म्हणा," तो म्हणाला. "माझ्या पोटात दुखेल, पण चालू दे. आठ गाड्या हव्यात."


रविवार, २६ फेब्रुवारी

पाव फेरा. बर्फ वितळतंय. गॅरेजात ओल.


रविवार, ४ मार्च

पाव फेरा.


रविवार, ११ मार्च

पाव फेरा. आज जड गेला. दोन्ही हात लावावे लागले. वय माझंही झालं आहे.


रविवार, १८ मार्च

आज इंजिन सुरू करायचं होतं. दहाला नेबोयशा आला, स्वच्छ शर्ट घालून. म्हटलं, लग्नाला निघालास का? म्हणाला, त्याच्यापेक्षा जास्त.

तेल, पाणी, बॅटरी. प्लग बसवले. मी म्हटलं, एकदा सगळं तपासून घे ना. तो म्हणाला, "तिहोमीरने बसवलेलं तपासू? त्याने पाहिलं तर पान्याने डोकं फोडेल." आणि आभाळाकडे बोट केलं. मीही जास्त बोलले नाही. मला आवडलंच ते ऐकून.

दुसऱ्या फटक्याला सुरू झालं. आवाज बरोबर नव्हता. मला इंजिनातलं कळत नाही, पण तीस वर्षं त्याच्या डोक्यावर राहते आहे मी. खालून कुठला आवाज येतो आणि कुठला येत नाही एवढं कळतं. मी हात वर केला. नेबोयशाने बघितलं नाही. त्याला वाटलं इंजिन थंड आहे, म्हणून ॲक्सिलरेटरवर पाय दाबला.

मग जे झालं ते तीन-चार सेकंदांत झालं. डब्यात दगड घालून हलवल्यासारखं. मग एक मोठा ठोका. मग काही नाही. इंजिनाच्या बाजूला पडलेल्या भोकातून तेल येत होतं.

तो गाडीतून उतरलाच नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मी दार उघडलं, ताडपत्रीची घडी केली. कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.


सोमवार, १९ मार्च

नेबोयशाने इंजिनाचा वरचा भाग उघडला. मला बोलावलं. एक व्हॉल्व्ह तुटून पिस्टनमधून आरपार गेला. बाकीचे वाकले. तिहोमीरने दोन हिवाळे हाताने घासून केलेलं हेड – फुटलेलं. दुसरं नाही. असतं तरी ते करायला हात नाहीत.

"पट्टा दोन दाते मागे होता," नेबोयशा म्हणाला. "व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळले."

"नट सैल झाला?"

"नट घट्ट आहे. पिवळा ठिपका जसाच्या तसा." मग माझ्याकडे न बघता, "बसवतानाच चुकला असणार."

मी म्हटलं, "खुणा त्याने भिंग लावून बघितल्या होत्या. मी इथे होते."

"मला माहीत आहे, ताई."

"उलटं फिरलं तर दाता सुटतो ना?"

"सुटतो. पण हिवाळ्यात कोण फिरवणार?"

"मी फिरवत होते. दर रविवारी. त्याने सांगितलं होतं."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "कुठल्या बाजूला?"

"खिडकीकडे. एकदाही दाराकडे ओढला नाही. शपथेवर सांगते."

त्याने मान डोलावली. "खिडकीकडे. बरोबर. मलाही पहिल्या दिवशी त्याने तेच सांगितलं होतं – खिडकीकडे ढकल, दाराकडे ओढशील तर घरी जा." हसायला गेला, जमलं नाही. "म्हणजे तुमचं नाही. मी तपासायला हवं होतं, ते माझं. पण पट्टा..."

वाक्य पूर्ण केलं नाही. मीही केलं नाही.


बुधवार, २१ मार्च

दुकानात आज दोनदा चिठ्ठी परत वाचली. दोन्ही वेळा बरोबर होती.


रविवार, २५ मार्च

सवयीने खाली गेले. फिरवायला काही उरलेलं नाही.

नेबोयशा आला होता. आम्ही फळ्यासमोर उभे. मोसम सुरू व्हायच्या आधीच पहिली ओळ लिहायची होती. त्याने खडू घेतला, ठेवला. पुन्हा घेतला. "माझं लिहितो," म्हणाला. "मी पाय दाबला."

"पाय दाबण्याआधीच चुकलेलं होतं. तूच म्हणालास."

"ताई, गेलेल्या माणसाचं नाव..."

"त्याने दुसऱ्याचं लिहिलं असतं का?"

तो बाहेर जाऊन सिगारेट ओढत उभा राहिला. मी लिहिलं. १८ मार्च. पट्टा, दोन दाते. तिहोमीर. माझं अक्षर गोल आहे, त्याचं तिरकं होतं. त्या फळ्यावर ते परक्यासारखं दिसतं.

खोटं लिहिलं असतं तर तो रागावला असता. हे मी स्वतःला दिवसभर सांगते आहे.


शुक्रवार, ३० मार्च

नोंदणी रद्द केली. नेबोयशाने फोनवर सांगितलं, एका वाक्यात. आता गाड्या सात.


शनिवार, ७ एप्रिल

दोब्रिवोयेचा फोन. लहान गटाचं अजिंक्यपद यंदा धरणार नाहीत. सात गाड्या मोठ्यांच्या मागून पळतील, हौस म्हणून. तिघं तर येणारही नाहीत म्हणे.

"लोक काय म्हणतात?" मी विचारलं.

"लोकांचं काय. लोक बोलतात."

"काय बोलतात?"

"की तो जायच्या आधी त्याचे हात गेले होते, आणि कुणी त्याला सांगितलं नाही. आणि त्याच्याबरोबर गटही गेला." मग लगेच, "मी त्यांना शिव्या घातल्या, ताई. तीस वर्षांत मी त्याला चार वेळा हरवलं, आणि चारही वेळा चूक गाडी चालवणाऱ्याची होती, कल्हईवाल्याची नाही. हे मी सगळ्यांसमोर म्हटलं."

"धन्यवाद."

"पण शेवटचं तेच लक्षात राहतं माणसांना. काय करणार."

फोन ठेवला. कुणी त्याला सांगितलं नाही – ते कुणी म्हणजे मी. बोटं बधिर आहेत हे मला माहीत होतं. मी म्हणायला हवं होतं, तिहोमीर, हे नेबोयशाला करू दे. नाही म्हटलं. त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं. मी हत्यारं देत राहिले.

तीस वर्षांचं नाव. एका पट्ट्यात गेलं.


रविवार, १५ एप्रिल

ईस्टर. शुक्रवारी अंडी रंगवली, सहाच. दरवर्षी तीस करायचे. पहिलं लाल अंडं वर्षभर घरात ठेवतात, घराच्या रक्षणाला. गेल्या वर्षीचं काढताना हातात हलकं लागलं. आत काहीच उरलेलं नव्हतं, वाळून गेलेलं. ते काय राखत होतं?

एक अंडं कबरीवर नेलं. लहानपणी अंड्यावर अंडं आपटून कुणाचं फुटतं ते बघायचो, आणि तो लाकडाचं रंगवलेलं अंडं आणायचा. आईने एकदा पकडलं तेव्हा म्हणाला होता, ताईचं फुटू नये म्हणून तिच्यासाठी आणलंय. अंडंही खोटं, कारणही खोटं.

मी माझं अंडं त्याच्या दगडावर हलकेच टेकवलं. माझं फुटलं.

वाटेत खांबावरचा त्याच्या चाळिसाव्याचा कागद अजून आहे. काळी चौकट, फोटो पावसाने निळा झालाय. सहा महिन्यांचा जूनमध्ये लावायचा. त्यावर खाली काय लिहायचं हे छापणारा विचारेल. गेल्या वेळी मी लिहून दिलं होतं – "प्रामाणिक हातांचा माणूस."


शनिवार, २१ एप्रिल

नेबोयशा दारातच उभा राहून बोलला. उद्या क्राल्येवोला बघायला जातोय. "येता का, ताई? दोब्रिवोये खुर्ची देईल. कुंपणाला चिकटून."

"नको."

"मलाही जायचं नाही. पण घरी बसलो तर बायको भिंती रंगवायला लावेल."

गाडी सोमवारी न्यायला येणार आहेत. कुणाला तरी नुसता सांगाडा हवाय, काँक्रीटच्या चौथऱ्यावर जाहिरातीसाठी उभा करायला. त्यावरचा अडतीस नंबर खरवडून देतो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे.

"फळा पण काढून ठेवू का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, माझ्या घराचा आहे तो.


रविवार, २२ एप्रिल

ऊन. क्राल्येवोची शर्यत आज. उद्या गाडी जाणार म्हणून गॅरेज झाडायला गेले. मागच्या चाकांमधून पुठ्ठा ओढून काढला, चाळिसाव्याला टाकलेला. खाली तेलाचे डाग. तीस वर्षांचे, एकावर एक. दर हिवाळ्यात इंजिन त्या जागी असायचं.

डाग खिडकीशी. इंजिन दाराशी.

स्टुलावर बसले. पाना उभा लावला आणि ढकलण्याआधी एकदा नीट बघितलं. पूर्वी गाडीचं नाक खिडकीकडे असायचं. चाळिसाव्याला वळवून घातली. त्यानंतर आठ रविवार मी खिडकीकडे ढकललं, आणि आठही वेळा ते उलटं फिरलं.

तिहोमीरचं काही चुकलं नव्हतं.

फळ्यावरचं त्याचं नाव ओल्या फडक्याने पुसलं. वाळेपर्यंत थांबले. १८ मार्च, पट्टा, दोन दाते – तेवढं तसंच ठेवलं. पुढे माझं नाव लिहिलं. स्तोयांका. गाडी कुणी वळवली ते लिहिलं नाही. सबब लिहायची नसते.

पाना खिळ्याला अडकवला. वर येऊन हात धुतले, सूप ठेवलं.